भोकराच्या पानाचा तिसरा ठसा

हात दाखवा आधी. दोघांनीही. केया, उजवा दाखव. हं, ठीक आहे. आणि निहार, तुझा हा कोपर हिरवा कसा झाला रे? कोपरानं रंगवत होतास की काय?

दुपारी माझा जरा डोळा लागला काय, आणि तुम्ही माझी पांढरी चादर पळवलीत काय! खालच्या बदामाची पानं आणलीत, रंगाची पेटी काढलीत, आणि चादरीवर हे एवढाले हिरवे डाग. म्हणे मृण्मयीताईला पाठवायचंय. ती बिचारी तिकडं परक्या देशात शिकायला गेलीय, तिला आपल्या बदामाची आठवण येते, म्हणून पानांचे ठसे. मनात चांगलं होतं, म्हणून मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण थोडंच बोलले. आता मला एक सांगा, रंग पानाच्या कुठल्या बाजूला लावलात? वरच्या ना? चकचकीत बाजूला? तरीच! तिथंच घोडं अडलं.

चला, आडवे व्हा. पांघरूण नीट घ्या. एक गोष्ट सांगते. मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. हुंकार मात्र द्यायचा, नाहीतर मी काय भिंतीला सांगू?

तर एक होतं गाव. गोष्टीत राजाही आहे, पण तो मागाहून येतो, त्याला काही घाई नाही. गाव डोंगराच्या पायथ्याशी, आणि गावात माणसं कमी, झाडं जास्त. कोणाच्या दारात फणस, कोणाच्या परसात बकुळ, विहिरीवर उंबर, देवळामागं करंज. घरंसुद्धा झाडांवरून ओळखायची. हे फणसवाले, ते उंबरवाले. आणि आपली गोष्ट ज्यांची आहे ना, ते भोकरवाले.

भोकर बघितलंय का तुम्ही? कुठून बघणार! तुम्ही फक्त लोणच्याची बरणी बघितलीय. माझ्या माहेरी होतं भोकर, विहिरीच्या वाटेवर. उन्हाळ्यात भोकरं पिकली की आत असा चिकट गर व्हायचा, की आम्ही त्यानं पतंग चिकटवायचो. बोटाला बोट चिकटायचं, फ्रॉकला चिकटायचं, केसांना चिकटायचं. मग आईचा ओरडा. ते झाड आता नाही, तिथून रस्ता गेला. पण बरणी उघडली की अजून मला चटकन नऊ वर्षांची झाल्यासारखं वाटतं. असो. कुठं होते मी?

हं. भोकरवाल्यांच्या घरी दोन बहिणी. थोरली मंजुळा, धाकटी गोजी. मंजुळा अठरा वर्षांची, गोजी सातची. गोजीची वेणी मंजुळा घालायची, गोजीला भरवायची मंजुळा, गोजीनं खोडी केली की आईपुढं खोटं बोलायची तीही मंजुळाच. गोजीचं आक्कावाचून पान हलायचं नाही. म्हणजे अगदी डोळे उघडले की 'आक्का', आणि डोळे मिटताना 'आक्का'.

आता त्या गावाची एक रीत होती, बरं का. मुलगी सासरी निघाली की तिला दागिने काय द्यायचे ते आईबाप देत. पण गावातली पोरं तिला एक पांढरं लुगडं देत. त्याला म्हणायचे पानलुगडं. गावात जेवढी झाडं, तेवढ्या झाडांच्या पानांचे ठसे त्या लुगड्यावर. एकेका पोरानं एकेका झाडाचा ठसा उमटवायचा.

आणि ते साधंसुधं लुगडं नव्हतं हं. मुलगी कितीही लांब जाऊ दे, इकडं गावात वारा सुटला की तिकडं तिच्या पदरावरची पानं हलायची. बकुळीला बहर आला की पदराला वास यायचा. उंबराला फळं लागली की उंबराच्या ठशाभोवती चिलटं घोंगावायची. हसू नकोस निहार, यायची म्हणजे यायची. पण एखादं झाड मेलं, तर त्याचं पान तिकडं पदरावर थांबायचं ते कायमचं. म्हणून त्या गावच्या मुली सासरी गेल्या तरी झुरायच्या नाहीत. दुपारी पदर मांडीवर घ्यायचा, बघायचं, अरे वा, आज आपल्याकडं वारा आहे वाटतं! की झालं, उठायचं आणि कामाला लागायचं.

हे सगळं शिकवायची कोण? तर भागाआजी. म्हातारी रंगारीण. हात कोपरापर्यंत निळे, कारण साठ वर्षं निळीच्या रांजणात घातलेले. तोंड फाटकं, पण माया दांडगी. गावातली सगळी पोरं तिच्या ओसरीवर शिकली.

मग ती शिकवायची कशी? आधी घोंगडीची घडी घालायची, म्हणजे खाली मऊ हवं. त्यावर कापड अंथरायचं. नीळ आणि हळद खलून हिरवा रंग करायचा. तो पातळ राहिला तर पसरतो, म्हणून त्यात चिंचोक्याची खळ घालायची. मग पोरांना म्हणायची, "आणा रे पानं." पोरं पानं आणायची, कापसाच्या बोळ्यानं रंग लावायची, आणि दाबायची. आणि काय उमटायचं? डाग! तुमच्यासारखाच डाग. सगळ्यांचं पहिल्यांदा हेच चुकायचं.

मग भागाआजी म्हणायची, "अरे गाढवांनो, पानाचं तोंड काय बघताय? पालथं करा. पाठ बघा त्याची."

पालथ्या पानाला बोट लावून बघा उद्या. शिरा कशा वर आलेल्या असतात. मधली जाड, तिच्यातून बारीक, त्यातून आणखी बारीक. पाणी मुळापासून कुठून कुठं गेलं, ते सगळं तिथं. रंग त्या पाठीला लावायचा, अगदी हलका. मग पान कापडावर ठेवायचं, तळहातानं दाबायचं, आणि सात श्वास मोजायचे. घाई करायची नाही. उचलताना देठाला धरून उचलायचं. की अख्खं पान खाली उमटलेलं, शिरांसकट.

एकदा रंग लावला की त्या एका पानाचे तीन ठसे काढायचे. पहिला गडद येतो, गचगचीत, तो फडक्यावर काढून टाकायचा. दुसरा सगळ्यात सुंदर, तो लुगड्यावर. आणि तिसरा? तिसरा अगदी फिका, दिसेल न दिसेल असा. तो चिंधीवर काढायचा आणि ती चिंधी नेऊन त्या झाडाच्या खोडाला बांधायची. लुगडं भागाआजी तुरटीच्या पाण्यात उकळून पक्कं करायची. चिंधी मात्र कच्चीच ठेवायची. का? तर दव पडतं, सर येते, तो कच्चा रंग खोडावरून ओघळत ओघळत मुळाशी जातो. मग झाडाला कळतं, अगंबाई, आपलं एक पान अमक्या घरी नांदायला गेलंय! आणि मगच लुगड्यावरचं पान हलायला लागतं.

दुसरा ठसा नवरीचा, तिसरा झाडाचा. हे पाठ होतं सगळ्या पोरांना. काय होतं पाठ? हं, शाबास.

आता आला राजा. घ्या.

सात दिवसांच्या वाटेवर, समुद्राच्या काठी, मिठाचं राज्य होतं. तिथला तो राजा. पांढरीफेक जमीन, नजर पोचेल तिथवर मिठाच्या राशी, आणि झाड म्हणून औषधाला नाही. तिथलं मीठ बैलांवर लादून गावोगाव यायचं. एकदा त्या बैलांबरोबर राजाचा मुलगाही आला, देश बघायला म्हणून. भोकराखाली सावलीला टेकला, मंजुळानं पाणी दिलं, आणि काय झालं असेल ते झालं. पठ्ठ्या तीन तांबे पाणी प्यायला, तहान नव्हती तरी. मग मागणी आली. मंजुळालाही तो आवडला होता. लग्न ठरलं.

सगळं गाव खूश. आपली पोर राणी होणार! एकटी गोजी तेवढी कोठीच्या खोलीत जाऊन बसली.

मग पानलुगड्याचा दिवस आला. भागाआजीच्या ओसरीवर पोरांची ही गर्दी. ज्याचं त्यानं झाड घेतलं. भोकर अर्थात गोजीला. गोजीनं पान आणलं, पालथं केलं, रंग लावला. सगळं बरोबर केलं हो. पण दाबायची वेळ आली आणि तिला पान दाबवेना. डोळे भरून आले. पान हललं तर ठसा फिसकटणार, भागाआजी ओरडणार.

तेवढ्यात मागून मंजुळा आली. खरं म्हणजे नवरीनं हात लावायचा नसतो. पण ती गोजीच्या मागं बसली, आणि गोजीच्या हातावर आपला हात ठेवला. दोघींनी मिळून दाबलं. दोघींनी सात श्वास मोजले. पहिला ठसा, दुसरा ठसा, तिसरा ठसा. आणि तिसऱ्याच्या कडेला ना, मंजुळाच्या करंगळीचं टोक उमटलं. एवढंसं.

भागाआजीनं बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवलं. म्हातारी खडूस असली तरी तेवढं कळायचं तिला.

संध्याकाळी पोरं आपापल्या चिंध्या घेऊन झाडांकडं पळाली. गोजीही भोकरापाशी गेली. चिंधी खोडाला लावली. दोरा काढला. आणि मग ती करंगळी दिसली तिला. आक्काची करंगळी. ही इथं बांधली की पावसात वाहून जाणार. आक्का परवा जाणार, आणि करंगळीही जाणार. मग आपल्याला काय?

तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, चिंधी पोलक्यात घातली आणि दोरा नुसताच खोडाला गुंडाळून आली. कोणाला कळलं नाही.

मंजुळा सासरी गेली. त्या दिवसापासून गोजी ती चिंधी उशीवर टाकून, तिच्यावर गाल टेकून झोपायची. आधी रडायची, मग झोपायची. सकाळी उठली की चिंधी उशीखाली लपवायची. आणि रोज सकाळी आई तिला न्हाणीत धरून तिचा डावा गाल घासायची. "कुठं लोळतेस गं कार्टे? केवढा हा मळ! जाता जात नाही," म्हणायची.

मग काय झालं? महिन्याभरानं मिठाचे बैल आले. बैल हाकणारा होता लखमाजी, गावाच्या ओळखीचा. त्यानं गूळपाणी घेतलं आणि म्हणाला, "वैनी, पोर खुशाल आहे. राजवाड्यात सगळे जीव लावतात. तेवढं भोकर कसं आहे विचारलंय तिनं. बाकी सगळी पानं हलतात म्हणे, एक भोकर हलत नाही."

आई म्हणाली, "अगंबाई! हे काय समोर उभं आहे. ठणठणीत आहे म्हणावं."

गोजी दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं. पण बोलली नाही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा लखमाजी आला. या वेळी त्यानं गूळ नुसता हातात धरला. "वैनी, पोरीचं मन लागत नाही. दिवसभर पदर मांडीवर घेऊन बसते. भोकर मेलं म्हणते. माझ्या घरावर काहीतरी आलंय आणि तुम्ही सगळे माझी समजूत घालताय, असं म्हणते. आणि त्या राजपुत्राचं तर मला बघवत नाही. तिच्या शेजारी बसतो आणि त्या पानाला पंख्यानं वारा घालतो. निदान असं तरी हलेल म्हणून."

आई घाबरली. बाबांनी भोकराची फांदीच तोडून दिली लखमाजीजवळ. पण सात दिवसांच्या वाटेवर ती काय टिकणार? वाळून पोचली. मंजुळानं वाळकी फांदी बघितली आणि तिची खात्रीच पटली, झाड गेलं म्हणून.

गोजी या खेपेलाही बोलली नाही. का नाही बोलली, असं विचारतेस? अगं, भीती वाटते बाई. एकदा लपवलं की रोज सांगणं जास्त अवघड होत जातं. मीही लहानपणी काय काय लपवलंय, ते तुम्हाला मोठे झालात की सांगेन.

तिसऱ्या महिन्यात लखमाजी आला तेव्हा भोकराला घोस लागले होते. आई लोणच्यासाठी भोकरं काढत होती. लखमाजी अंगणात आला आणि बसलाच नाही. पागोटं काढून हातात घेतलं. म्हणाला, "वैनी, पोरीनं अन्न सोडलंय. अंथरूण धरलंय. वैद्य म्हणतात नाडीत काही दोष नाही, पण ती घास घेत नाही. तुम्ही चला."

आईच्या हातातली परडी पडली. भोकरं अंगणभर पसरली. आणि गोजी ओरडली, "मी केलं! मी बांधलीच नाही चिंधी! भोकराला माहीतच नाही आक्का कुठं गेली ते!"

आई बघतच राहिली. मारायला तिचा हातही उठला नाही. तिनं गोजीचं मनगट धरलं आणि तडक भागाआजीच्या ओसरीवर नेलं.

भागाआजीनं सगळं ऐकलं. तिला राग आला होता, चांगलाच आला होता. पण ती म्हणाली, "रागावते मागाहून. आण ती चिंधी आधी."

गोजीनं चिंधी आणली. उलगडली. आणि बघते तर काय, चिंधी कोरी! पांढरी स्वच्छ. ना पान, ना शिरा, ना करंगळी. कच्चा रंग तो, रोज रात्री डोळ्यांतल्या पाण्यानं भिजलेला. गेला होता कुठंतरी.

"दुसरं पान आणते," गोजी म्हणाली.

"चालत नाही. त्याच पानाचा तिसरा ठसा लागतो," भागाआजी म्हणाली. "कच्चा रंग नाहीसा होत नाही, पोरी. एकावरून दुसऱ्यावर चढतो. कुठं चढलाय ते शोधू."

मग तिनं गोजीची उशी मागवली. उशी बघितली. नाही. गोधडी बघितली. नाही. गोजीचं पोलकं उलटंसुलटं करून बघितलं. त्यावरही नाही. भागाआजीनं कपाळाला हात लावला. आता गोजीला रडू आवरेना, ती भिंतीकडं तोंड करून हुंदके द्यायला लागली.

तेव्हा भागाआजीनं तिची हनुवटी धरून तोंड फिरवलं. "अगं, तोंड धुतलंयस का सकाळी?"

आई म्हणाली, "मी रोज घासते हो! डाव्या गालावरचा मळ जातच नाही."

"मळ?" भागाआजी म्हणाली. तिनं गोजीला उजेडात ओढलं. डोळे बारीक केले. आणि काय सांगू, त्या गालावर अगदी फिकं, दिसेल न दिसेल असं, भोकराचं पान! मधली शीर कानाकडं गेलेली. बारीक शिरा सगळ्या. आणि कडेला, ओठांच्या कोपऱ्यापाशी, मंजुळाच्या करंगळीचं टोक.

तीन महिने ते पान गोजी गालावर घेऊन फिरत होती. आणि घरात कोणाला पत्ता नाही.

भागाआजी म्हणाली, "जा. भोकराला गाल लाव. सात श्वास."

गोजीनं गालावर हात ठेवला. "मग हे जाईल?"

"जाईल."

"करंगळीपण?"

"करंगळीपण."

"मग माझ्याकडं काय राहील, आजी?"

भागाआजीनं गोजीला काही गोड गोड सांगितलं नाही. म्हणाली, "काही नाही राहणार, बाळ. द्यायचं म्हणजे द्यायचं."

गोजी एकटी निघाली. आईला नको म्हणाली. अंगणात पसरलेली भोकरं ओलांडून झाडापाशी गेली. दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारली. हात पुरत नव्हते, तरी मारली. आणि डावा गाल टेकला. साल खडबडीत, गालाला टोचत होती. ऐन उन्हाळा, दव नाही, पाऊस नाही. पण तिचा गाल ओला होता, तेवढं पाणी पुरलं.

एक श्वास. दोन श्वास. तीन. चौथ्याला तिला वाटलं, पळून जावं. पाचव्याला वाटलं, निदान करंगळी ठेवावी. सहाव्याला ती म्हणाली, "आक्का, जेव गं." आणि सातवा.

मग ती बाजूला झाली. गाल स्वच्छ, कोरा. खोडावर काही दिसत नव्हतं. झाडही होतं तसंच उभं होतं. आई दारातून बघत होती. काहीच झालं नाही. नुसती एक वाऱ्याची झुळूक आली आणि भोकराची पानं सळसळली, एवढंच.

आता चला मिठाच्या राज्यात. मंजुळा अंथरुणावर, भिंतीकडं तोंड करून. पदर शेजारी पसरलेला. राजपुत्र बिचारा बसलाय पंखा घेऊन. इकडून वारा घालतो, तिकडून वारा घालतो. हात भरून आला त्याचा. शेवटी दमला आणि त्यानं पंखा खाली ठेवला.

पंखा खाली ठेवला, तरी पान हलतंय!

त्याला वाटलं, आपल्याला भास होतोय. त्यानं श्वास रोखून धरला. खिडकी लावून घेतली. पान हलतंयच. देठापाशी आधी जरासं, मग सगळंच्या सगळं. त्यानं हाक मारली, "मंजुळे, अगं बघ!" मंजुळानं मान वळवली. बघितलं. उठून बसली. पदर ओढून नाकाशी धरला, तर भोकराच्या चिकाचा वास! ती इतकी रडली, इतकी रडली, की राजपुत्र घाबरला. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मला भूक लागलीय."

दोन भाकऱ्या खाल्ल्या, बरं का. वर दूध.

दुसऱ्या दिवशी मंजुळा पहिल्यांदा राजवाड्याबाहेर पडली. तीन महिने ती तिथं होती, पण पदर सोडून तिनं काही बघितलंच नव्हतं. मिठाच्या राशींमधून चालत गेली. तिथली पोरं लागली तिच्यामागं. पाय पांढरे, केस पांढरे, सगळी मिठानं माखलेली. तिच्या पदराकडं टकामका बघत होती. एकानं विचारलं, "राणीबाई, हे हलतंय ते काय आहे?"

आता त्यांनी पान म्हणून कधी उमटवलेलं नाही काही. मंजुळानं सांगितलं, माझ्या गावी झाडं आहेत, त्यांचे हे ठसे. तुमच्याकडं झाड नाही, नाहीतर शिकवलं असतं.

पोरं म्हणाली, "आहे की!"

आणि तिला ओढतच खाडीवर घेऊन गेली. तिथं चिखलात, खाऱ्या पाण्यात गुडघाभर बुडून उभी होती तिवरं. ठेंगणी, वाकडीतिकडी, पण हिरवीगार. मीठ पिऊन जगणारं झाड! पान हातात घेतलं तर पानावरसुद्धा मिठाचे कण. मंजुळा बघतच राहिली. मग तिनं पदर खोचला, तिथंच काठावर बसली आणि म्हणाली, "आणा रे पानं. पालथी करा. तोंड नका बघू, पाठ बघा."

पहिल्यांदा सगळ्यांनी डागच केले. मंजुळा भागाआजीसारखी ओरडली, अगदी तिच्याच आवाजात, "अरे गाढवांनो!" आणि मग एकटीच हसत सुटली. पानं झाली, मग पोरांनी शिंपले आणले, खेकड्याची पाठ आणली, माशाचं शेपूट आणलं. सगळ्याला रंग लावून सगळ्याचे ठसे. राजवाड्याचे पडदेसुद्धा सोडले नाहीत. राजानं काही म्हटलं नाही हं. उगाच माझ्याकडं बघू नका, राजाकडं पडदे पुष्कळ असतात. माझ्याकडं चादर एक आहे.

पावसाच्या आधी शेवटची खेप घेऊन लखमाजी गावात आला. या वेळी लांबूनच ओरडत आला, "वैनी, गूळ आणा, गूळ!" सगळं सांगितलं त्यानं, पंखा खाली ठेवला तिथपासून. आणि मग कमरेची पुरचुंडी सोडली. म्हणाला, "हे धाकटीला दिलंय. तिच्याच हातात द्या म्हणाली."

गोजीनं पुरचुंडी उघडली. आत हातभर पांढरं कापड. त्यावर तिवराच्या पानाचा ठसा. दुसरा ठसा, सगळ्यात सुंदर. आणि पानाच्या कडेला करंगळीचं टोक नव्हतं. अख्खा हात होता. मंजुळाचा अख्खा तळहात, सगळ्या रेषांसकट, पानाच्या शिरांसारखा. पक्का केलेला, उकळून.

गोजीनं त्या हातावर आपला हात ठेवून बघितला. लहान पडला.

आणि बघता बघता ते तिवराचं पान हललं. तिकडं खाडीला भरती आली होती. कारण तिसरा ठसा मंजुळानं विसरता तिवराला बांधला होता. न विसरता गं, न विसरता! झोप मला येतेय की तुम्हाला?

मग काय, गोजी मोठी झाली. रोज दोनदा तिचं पान हलायचं, सकाळच्या भरतीला आणि संध्याकाळच्या. मंजुळा तिकडं सुखात, गोजी इकडं सुखात. भागाआजी 'रागावते मागाहून' म्हणाली होती, ते तिच्या लक्षातच राहिलं नाही. किंवा राहिलंही असेल. भोकरवाल्यांकडं लोणच्याची बरणी भरली, तशी आपलीही भरलेली राहो, आणि तुमचे डोळे मिटोत.

उद्या उजाडलं की आपण तिघं खाली जाऊ. चादर तर तुम्ही बुडवलीच आहेत, आता तिचा कोरा कोपरा घेऊ. बदामाचं एकच पान, पडलेलं चालेल. पाठीला रंग. पहिला फडक्यावर, दुसरा मृण्मयीसाठी, आणि तिसरा कुठं? निहार? झोपला वाटतं. हुंकार थांबला तेव्हाच मला वाटलं.

केया, तू जागी आहेस ना? जरा इकडं वळ बरं, दिव्याकडं. गालाला काय आहे गं हे? हिरवं? दुपारी त्या चादरीवर डोकं ठेवून पडली होतीस, मला वाटलं झोपलीयस. रडत होतीस होय गं ताईसाठी? आणि सांगितलं नाहीस ते मला?

ये अशी जवळ. नको, चोळू नकोस गालाला. पुसू नकोस. राहू दे तसंच रात्रभर. सकाळी बदामापाशी गेलो की बघू. झोप आता, बाळ.